वाळूला लागलेली मासळी कोणाची

पाचूबंदरात त्या काळी आयकर भरणारी माणसं दोन होती आणि त्यांतला एक तीन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या नावाने खात्याचे लिफाफे अजून यायचे. पोस्टमन ते सुनेच्या हातात द्यायचा आणि सून ते न फोडता चुलीवरच्या फळीवर ठेवायची, सासऱ्याचा मान म्हणून. बाकी गावाचा आणि आयकराचा काही संबंध नव्हता. आणीबाणीचे दिवस होते, मुंबईच्या शेठजींवर धाडी पडल्याच्या बातम्या यायच्या. कोणीतरी त्या मोठ्याने वाचायचा आणि ऐकणारे म्हणायचे, बरं आहे बाबा, आपल्याकडे काही नाही ते.

आपल्याकडे किती आहे ते फक्त सालोमीला ठाऊक होतं.

सालोमी म्हणजे सायमन नाखव्याची, म्हणजे होडीच्या मालकाची, बायको. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज त्याहून मोठा. वसईच्या बाजारात तिची पाटी मधोमध. भाव करण्यात तिचा हात धरणारं माणूस किल्ल्यापासून स्टेशनपर्यंत नव्हतं. फादरला तिने एकदा विचारलं होतं, आईच्या नावाने दोन मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, एकदम सांगितल्या तर काय कमी होईल. दाताच्या डॉक्टरने एका दाताचे पाच रुपये सांगितले तेव्हा तिने दोन दातांचे आठ ठरवले, आणि दुखणाऱ्या दाताबरोबर एक बरा दातही काढून आली. लोक असं सांगतात. मी तो दात पाहिलेला नाही, फट पाहिली आहे.

सायमन तिच्या उलट. सहा फूट उंच, समुद्रावर त्याची हाळी दोन होड्या पलीकडे जायची, पण जमिनीवर आला की तो पाणीसुद्धा विचारून प्यायचा. त्यात त्याचा दोष नव्हता, रीतच तशी होती. मासळी पाण्यात आहे तोवर देवाची, जाळ्यात आली की नाखव्याची आणि वाळूला लागली की बाईची. खलाशांचे वाटे वाळूवरच मासळीने फिटायचे. नाखव्याच्या वाट्याचा ढीग बायको पाटीत भरून बाजाराला निघायची. त्या ढिगाचे पुढे किती झाले, हे विचारणं म्हणजे आपल्याच बायकोवर चोरीचा आळ घेण्यासारखं. नाखव्याला रोजची खर्ची मिळायची. सायमनची खर्ची तीन रुपये, रविवारी पाच. वीस वर्षांत ती दोनदा वाढली होती आणि दोन्ही वेळा त्याने न मागता.

असा हा सुखाचा संसार जॉनच्या इंजिनाने नासवला.

जॉन म्हणजे शेजारचा नाखवा, आग्नेसचा नवरा. त्याने आदल्या हंगामात होडीला डिझेलचं इंजिन बसवलं. सायमनची होडी शिडाची. वारा असला तर येणार, नसला तर वल्ही मारीत येणार. जॉनची होडी उजाडताच वाळूला लागायची, आग्नेस पहिली एसटी धरायची आणि सालोमी बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरलेल्या असायच्या. आग्नेस रिकाम्या पाटीवर पाय पसरून बसायची आणि लांबूनच विचारायची, "काय गो सालोमी, आज वारा निजला काय?"

एका हंगामात सालोमी सहा किलो उतरली. तिने ठरवलं, येत्या नारळी पुनवेच्या आत आपल्या होडीला इंजिन लागलं पाहिजे. नाही लागलं तर बाजारात बसणार नाही, आग्नेसच्या समोर तर नाहीच.

इंजिन चोवीस हजारांचं. वसईची एक बँक अठरा देणार, सहा आपण घालायचे. मॅनेजर नवा होता. आणीबाणी असल्यामुळे तो वेळेवर यायचा आणि वेळेवर आल्यामुळे कागद वाचायचा. त्याने कागद पाहिले. होडी सायमनच्या नावावर, म्हणजे कर्ज सायमनला. मग सायमनच्या नावाने आयकराचं रिटर्न भरल्याची पोच आणा, आणि त्यात वर्षाचं उत्पन्न निदान सहा हजार दिसलं पाहिजे, नाहीतर हप्ते कशातून फेडणार?

"आमी आयकर भरत नाय, सायब," सालोमी म्हणाली.

"उत्पन्न नसेल तर कर्ज नाही," मॅनेजर म्हणाला. "आणि उत्पन्न असून भरत नसाल, तर ते मला सांगू नका."

म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी दोघं नवराबायको एका छत्रीतून हिरामण राऊतकडे आली.

हिरामण राऊत हा पाचूबंदराबाहेरच्या वाडीतला, माझा शेजारी. मुंबईत एका कंपनीत हिशेबनीस, आणि रविवारी घरच्या ओट्यावर लोकांचे आयकराचे फॉर्म भरून द्यायचा. दर फॉर्मला पाच रुपये. गिऱ्हाईक म्हणजे दोन शाळामास्तर, एक सॉ मिलवाला आणि केळीच्या वाडीवाले भाऊबंद. वाडीवाल्यांवर शेतीमुळे कर नव्हता, पण तो नाही असं लेखी हवं असायचं. रकान्यात काही भरायचं नसलं की हिरामण तिथे 'निरंक' लिहायचा, आणि तो शब्द इतक्या निगुतीने लिहायचा की माणसाला आपल्याकडे काही नसल्याचा अभिमान वाटावा. रविवारी माझा पेपर त्याच ओट्यावर वाचून व्हायचा, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानावरचं आहे. बँकेतलं आणि वाळूवरचं तेवढं इतरांच्या.

हिरामणने पट्टी सरळ ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि सुरुवात केली.

"पगार?"

"कोनाला?"

"तुम्हाला."

"मना कोन पगार देनार? मीच देते."

"कोणाला?"

सालोमीने बाजूला बसलेल्या सायमनकडे हनुवटी उडवली. "याला. रोज तीन रुपये. ऐतवारी पाच."

हिरामणने लिहिलं, निरंक.

"घरभाडं?"

"नाय बाबा. सोताचं घर हाय."

"तुम्ही देता का असं नाही, तुम्हाला कोणी देतं का?"

"पडवीत शिंपी बसतो. ते काय भाडं? वीस रुपये देतो."

"महिन्याला?"

"मंग काय दिसाला? वर माजी पोलकी फुकट शिवतो."

हिरामणने वर्षाचे दोनशे चाळीस मांडले, दुरुस्तीचा सहावा हिस्सा वजा करून दोनशे केले, आणि पोलक्यांपाशी त्याचं पेन अडलं. वर्षाला किती, त्याने विचारलं. चार, ती म्हणाली. तो बराच वेळ तिच्या पोलक्याकडे बघत विचार करीत राहिला. आतून प्रेमलतावहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. पोलकी उत्पन्नातून वगळली गेली.

"आता धंदा. गेल्या एप्रिलपासून या मार्चपर्यंत मासळीचे किती झाले?"

"एप्रिलपासून?" सालोमीला हे पटेना. "एप्रिल म्हंजे भर हंगामात. वर्स नारळी पुनवेला लागतं न पावसात सरतं. मधीच कुठून एप्रिल काढला?"

"सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं."

"तिकडं कोन मासे खात नाय काय?"

शेवटी ती सरकारच्या सोयीने मोजायला तयार झाली. वही नव्हती. तिने डोळे मिटले आणि वसई तालुका कधी काय खातो त्यावरून वर्ष उलगडायला घेतलं. वाडीवाल्या वाडवळांचा श्रावण, तेव्हा मंदी. गणपती गेले की तेजी. ख्रिस्तांवांचे उपासाचे चाळीस दिवस, मटण बंद, तेव्हा मासळी सोन्याच्या भावाने. अमक्या घरी बारसं, सात पापलेटं. तमक्या घरी मयत, दहा दिवस उधारी मागू नये. कुठल्या सुनेला काटा लागून तिने सासूला शिव्या घातल्या, कोणत्या मास्तरची बायको माहेरी गेली की मास्तर शिंपल्या आणतात आणि कोणाकडून शिजवून घेतात, हे सगळं त्या हिशेबात आलं. शाळामास्तर हिरामणचेच अशील असल्यामुळे तो ते ऐकत नसल्यासारखं करीत होता. मी पेपरचं एकच पान तासभर वाचत होतो.

एसटीचं भाडं, बर्फ, जाळ्याचं सूत, बाजारातली पावती असा खर्च काढून सायमनच्या मासळीचे निव्वळ नऊ हजार तीनशे निघाले.

"आनखी दुसऱ्याच्या होडीवरची घेऊन विकते ती. ती यात नाय."

त्याचे दोन हजार दीडशे. सुक्या बोंबलाचे चौदाशे ऐंशी.

"आणखी?" हिरामणचा आवाज जरा बसला होता.

"आनखी काय नाय. लग्नाकार्याला टोप देते, पन ते काय उत्पन्न? टोप परत येतो."

"त्याचे काही घेता?"

"पाच रुपये."

"ते उत्पन्न."

"ते टोपासोबतच येतात."

एकतीस लग्नांचे एकशे पंचावन्न. आईच्या वाडीतल्या सहा माडांचे नारळ हे शेतीचं उत्पन्न, त्यावर कर नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं होतं की शेतीवर कर घ्यायचा नाही, विचारून मात्र ठेवायचं. हिरामणला हे कलम फार आवडायचं. तो ते दरवेळी समजावून सांगायचा आणि दरवेळी समोरचं माणूस घाबरायचं. सालोमी घाबरली नाही. "मंग माडांना पन विचार," म्हणाली.

एकूण झाले तेरा हजार दोनशे पंच्याऐंशी.

हिरामणचा स्वतःचा वर्षाचा पगार यापेक्षा कमी होता, आणि तो पहिल्या तारखेला पाकीट न फोडता प्रेमलतावहिनीच्या हातात द्यायचा. वहिनी आत गेली आणि चहाबरोबर बिस्किटं घेऊन आली. तोवर नुसता चहा होता.

"तेरा?" सायमनने तोंड उघडलं. सकाळपासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

"तू गप," सालोमी म्हणाली. "तुजं काय हाय त्यात?"

हे वाक्य हिरामणने नीट ऐकायला हवं होतं. पण तो वाडीतला माणूस. त्याच्याकडे केळी बापाची, केळीचे पैसे बापाचे आणि बाप म्हणेल ते सगळ्यांचं. त्याने आठवड्यात सुवाच्य अक्षरात फॉर्म तयार केला, आणि घरचा कर्ता पुरुष म्हणून सगळं उत्पन्न सायमनच्या नावावर मांडलं.

दुसऱ्या रविवारी सायमनसमोर फॉर्म ठेवला. शेवटी सहीच्या वर दोन ओळी इंग्रजीत होत्या.

"हे काय लिवलंय?" सायमनने विचारलं.

"काही नाही, ठरलेला मजकूर असतो. वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण खरी आहे, असं मी शपथेवर सांगतो."

सायमनने पेन खाली ठेवलं. "शपथेवर?"

"हो."

"मंग मी सही करनार नाय. हे पैसे माजे नाय."

"अहो, मासे तुम्ही पकडता ना?"

"पकडतो. इकत नाय."

"मग पकडून कोणाला देता?"

"देत नाय. ती घेते."

हिरामणने सालोमीकडे पाहिलं. सालोमीने मान डोलावली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा.

"मग तुमचं उत्पन्न काय, सायमनभाऊ?"

"तीन रुपये. ऐतवारी पाच."

"ते उत्पन्न नव्हे, ती खर्ची झाली."

"मंग काय नाय," सायमन म्हणाला. आता त्याला निरंकची गोडी कळली होती.

हिरामणने कायदा सांगितला, सालोमीने शिव्या दिल्या, दोहोंचा परिणाम सारखाच झाला. सायमन म्हणाला, मी फादरला विचारून येतो. बुधवारी तो फादरकडे जाऊन आला. सगळं ऐकून फादर म्हणाले, खोट्या शपथेवर सही करू नकोस आणि बायकोला दुखवू नकोस. यातलं कोणतं आधी, ते फादरनी सांगितलं नाही.

पंचाईत अशी होती. ज्याची होडी त्याला उत्पन्न नाही, आणि जिला उत्पन्न तिची होडी नाही. बँकेला दोन्ही एका माणसात हवं होतं. सालोमीच्या नावाने रिटर्न भरलं तर ते खरं, पण बँकेच्या उपयोगाचं नाही, वर हजारभर रुपये कर. होडी सालोमीच्या नावावर करा, असं हिरामणने सुचवून पाहिलं. त्यावर दोघांनी एकदम छातीवर क्रूस केला. बाईच्या नावाची होडी पाण्यात जात नाही म्हणे. आणि जुलै संपत आला होता. महिनाअखेर फॉर्म ठाण्याला पोचला पाहिजे, पोच बँकेत गेली पाहिजे, इंजिन मुंबईहून आलं पाहिजे, आणि नारळी पुनव काही कोणासाठी थांबत नाही. आग्नेसने बाजारात विचारायला सुरुवात केली होती, "इंजिन कुठपरेंत आलं गो? चालत येतंय काय?"

हिरामणला उत्तर सुचलं ते विहिरीवर आंघोळ करताना. तो ओल्या पंच्यानिशी माझ्या दारात आला आणि म्हणाला, "सायमनने मासळी तिला विकायची!"

रविवारी त्याने दोघांना समोर बसवून ते समजावलं. सायमनची मासळी सालोमीने घेतली ती फुकट कशाला? विकत घेतली. आता तिची किंमत ठरवा. ती किंमत सायमनचं उत्पन्न. सालोमीने तीच मासळी पुढे बाजारात विकून जे वर मिळवलं, ते आणि टोप, शिंपी, बोंबील हे सालोमीचं उत्पन्न. दोन माणसं, दोन रिटर्नं. आणि गंमत म्हणजे आठ हजारांपर्यंत कर माफ. सायमनला सहा दाखवले तर बँक खूश, आणि सालोमीचे उरतात सात हजार आणि काहीतरी. दोघांनाही कर निरंक.

"म्हंजे हजार रुपये वाचले?" सालोमीने विचारलं.

"वाचले."

"मंग करू."

"पण किंमत खरी ठरवायची. दोघांनी मिळून. सायमनभाऊ, तुम्हाला हे चालेल?"

सायमनने पुष्कळ विचार केला. "खरंच इकली तर चालंल," म्हणाला.

हिरामणने पेन उघडलं. "तर मग सायमनची वर्षाची मासळी. सालोमीबाय, बोला."

"दोन हजार," सालोमी म्हणाली.

हिरामणला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सहा म्हणायचंय तुम्हाला."

"भाव मी करते का तू करतोस?"

"अहो, पण बँकेला सहा..."

"धंद्याच्या मधी बोलू नको, भाऊ." ती सायमनकडे वळली. तिने पदर खोचला होता. "बोल. इकनारा तू हायस."

सायमनने जन्मात मासा विकला नव्हता. त्याने बँकेत ऐकलेला आकडा सांगितला. "सहा."

"सहा? कसले सहा? निम्मे त बोंबील! न तुज्या जाल्याला भोकं किती, त्याचं सूत कोनी आनलं?"

"तू."

"मंग? न कार्तिकात सुरमय आनलीस ती मऊ होती."

"मऊ नव्हती."

"मऊ होती. निम्म्या भावात घातली मी ती. वाडवळनीने दोनदा बोट लावून बगितलं. कशी काढली माजी मना ठाऊक."

"मऊ नव्हती, सालोमी," सायमन म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता. सहावरून तो पाचवर आला, पाचवरून साडेचारवर. सालोमी दोनवरून हलली ती अडीचवर. हिरामण एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. इंजिन तिचंच होतं, बँक तिचीच, आग्नेसही तिचीच, आणि ही बाई स्वतःचं इंजिन पाच-पाचशेने समुद्रात ढकलीत होती.

"बाई, हे तुमच्याच विरुद्ध जातंय," तो काकुळतीने म्हणाला.

"मना कळत नाय का? पन मी काय करू?" सालोमीच्या कपाळावर घाम आला होता. "सहा बोलाया जाते न जीभच वळत नाय. समोर इकनारा बसलाय." तिने खरंच प्रयत्न केला, डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाली, "तीन."

"बरं, साडेतीन," सायमन म्हणाला.

हिरामणने कपाळाला हात लावला. दारातून प्रेमलतावहिनी म्हणाली, "सायमनभाऊ, असं नाही विकत मासळी. आम्ही बाजारात कसं करतो? परवडत नसेल तर उठून पुढच्या पाटीकडे जातो."

सायमनने वहिनीकडे पाहिलं. मग खांबाला टेकवलेली छत्री घेतली आणि तो उठला.

"कुठं चाललास?" सालोमी म्हणाली.

"आग्नेसकडं. तिला देतो मासळी."



"काय बोललास?"

"आग्नेस सहा देल."

"तिच्याकडं कुठचे सहा?"

"बगतो इचारून," सायमन म्हणाला, आणि त्याने खरोखर पायरी उतरली. मऊ सुरमयीचा शब्द त्याला लागला होता, असं मला वाटतं.

मागच्या वर्षीची मासळी केव्हाच लोकांच्या पोटात जाऊन पचली होती, ती आग्नेसला कशी देणार, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सालोमीच्या तर नाहीच. ती उठली, तिने छत्रीचं टोक धरलं आणि ओरडली, "सहा हजार दोनशे! न एक पैसा जास्ती नाय!"

"झाले," हिरामण म्हणाला, आणि कोणी मागे फिरण्याआधी त्याने ते शाईने लिहून टाकलं.

फॉर्म सहीला तयार झाले. सालोमीने आपल्यावर सही केली. तिची सही तीन अक्षरी आणि मोठी होती. सायमनने पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"पैसे?" म्हणाला.

"कसले पैसे?"

"मासळीचे. मिळाले नाय तर शपथ कशी घेऊ?"

सालोमीने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने पट्टीकडे पाहिलं. ती उठून तरातरा घरी गेली आणि तासाभराने एक पिशवी घेऊन आली. सुक्या बोंबलाच्या पिंपात तळाशी तिने इंजिनासाठी साडेसहा हजार जमवून ठेवले होते. पिंपात हात घालायला चोरही धजणार नाही, असा तिचा हिशेब. नोटा बाहेर आल्या आणि प्रेमलतावहिनीने पदर नाकाला लावला. सालोमीने सहा हजार दोनशे तीनदा मोजले आणि सायमनच्या तळहातावर ठेवले. वीस वर्षांत त्या तळहातावर पाच रुपयांच्या वर काही पडलेलं नव्हतं. त्याने ते स्वतः एकदा मोजले. वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. मग त्याने सही केली.

"आता दे इकडं," सालोमी म्हणाली आणि हात पुढे केला.

सायमनने नोटा खमिसाच्या आतल्या खिशात घातल्या आणि बटण लावलं. "कशाला? हे माजं उत्पन्न हाय."

"अरे, ते इंजिनाचे हायत!"

"इंजिनाला भरीन की. पन मी भरीन."

"हिरामन भाऊ, सांग याला!"

हिरामण म्हणाला, "बाई, कागदावर ते त्यांचेच आहेत. तुम्हीच विकत घेतलीत मासळी."

सालोमी परत जाताना छत्रीबाहेरून भिजत गेली. हजार वाचवायला सहा हजार घालवले, असं ती पुढे बरीच वर्षं सांगायची. हिरामणने तिला हिशेब अनेकदा समजावला. तिला तो समजायचा, मान्य नव्हता.

फॉर्म ठाण्याला गेले, पोच आली. बँकेत सायमनने स्वतःच्या नावाचं खातं काढलं. कॅशियरने नोटा चिमटीत धरून खिडकीपाशी नेऊन मोजल्या. मॅनेजरने पोच वाचली, तीन ठिकाणी शिक्के तपासले आणि कर्ज मंजूर केलं. इंजिन नारळी पुनवेच्या चार दिवस आधी आलं. फादरनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं, इंजिनावर जरा जास्तच.

पहिल्या दिवशी सायमनची होडी उजाडायच्या आत वाळूला लागली. जॉनची अजून दिसतही नव्हती. सालोमी गुडघाभर पाण्यात पाटी घेऊन उभी. वाटे झाले, नाखव्याचा ढीग वाळूवर आला, ती खाली वाकली आणि पाटी भरायला लागली. सायमनने वल्हं ढिगासमोर आडवं ठेवलं.

"भाव?" म्हणाला.

खलाशी हसले नाहीत. हसणं परवडलं नसतं. जॉनची होडी यायची होती, त्यामुळे आग्नेस रिकामीच उभी होती. ती पाटी काखेत धरून दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "मी देऊ काय रे, सायमन?"

सालोमीने तिच्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. एसटीला वीस मिनिटं होती. तिने नवऱ्याशी तीन मिनिटं घासाघीस केली, कमरेची बटवी सोडली, रोख मोजले आणि पाटी डोक्यावर घेऊन पळत सुटली. त्या दिवशी बाजारात ती पहिली. मधोमध बसली, पिशव्या भरल्या, आग्नेस आली तेव्हा पापलेट संपलं होतं. वारा निजला काय, हे तिला विचारायला मात्र सालोमी विसरली. गिऱ्हाईकं म्हणत होती, सालोमीबाय, आज भाव चढवलास. ती म्हणाली, काय करू, खरेदीच महाग पडते.

पुढच्या जुलैत दोघं पुन्हा हिरामणकडे आली, पण एका छत्रीतून नाही. सायमन पहिल्या रविवारी आला. त्याच्या हातात वही होती, दर दिवसाची मासळी आणि तिचा भाव. त्याने फॉर्मवर शपथेची सही केली, पाच रुपये रोख दिले आणि जाताना म्हणाला, "भाऊ, माजा आकडा तिला बोलू नको."

सालोमी दुसऱ्या रविवारी आली. शिंपी, टोप, बोंबील, माड सगळं सांगून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "त्याने किती दाखवले?"

"बाई, ते मला सांगता येत नाही. ते गुप्त असतं."

"मी बायको हाय त्याची."

"कायद्याने तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक आहात."

सालोमीने बराच वेळ विचार केला. मग बटवी सोडली आणि म्हणाली, "दोन रुपये देते. नुसतं सहाच्या वर का खाली, एवढंच सांग."